वहीतला तिसरा खण

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चार दिवस उरले होते तेव्हा सोनगीरहून फोन आला. सकाळचे साडेनऊ झाले असतील, पण चैत्राच्या शेवटी धुळ्यात साडेनऊलाच ऊन खिडकीतून आत येऊन बसलेलं असतं. फोन एका बाईंचा होता. त्यांच्या मुलीचं लग्न माघात झालं, त्याचं शूटिंग आम्ही केलं होतं. आमचा लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. कॅमेरा नवरा सांभाळतो. कॅमेऱ्यातून बाहेर येतं ते सगळं मी सांभाळते.

आमच्या भागात नवी नवरी पहिल्या आखाजीला माहेरी येते. अंगणात झोका बांधलेला असतो, खापरावर मांडे होतात, आणि आता काही वर्षांपासून टीव्हीवर लग्नाचा व्हिडिओ लागतो. म्हणून आखाजी ही आमची वर्षातली सगळ्यात कडक तारीख. तिच्यापुढे कोणी थांबत नाही.

"ताई, पोर आखाजीले येई ऱ्हायनी सुरतहून," बाई म्हणाल्या. "व्हिडिओ व्हयना का?"

"झालाच समजा," मी म्हटलं.

त्या आवाज खाली करून म्हणाल्या, "बठ्ठं नई व्हयनं तरी चाली. तेस्नं नाचनं तेवढं जपी ठेवा."

बठ्ठं म्हणजे सगळं, आणि तेस्नं म्हणजे त्यांच्या नवऱ्याचं. मला ते चांगले आठवत होते. सोनगीरला पितळी भांड्यांचं दुकान, उंच, पांढरी टोपी, एरवी फारसं न बोलणारे गृहस्थ. वरातीत बँड दारात आला तेव्हा कोणी ओढायच्या आधीच ते मधोमध जाऊन नाचायला लागले, आणि दहा-अकरा मिनिटं थांबले नाहीत. लग्नानंतर पंधरा दिवसांनी त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. मुलगी त्यानंतर दोनदा धावतपळत येऊन गेली होती. आता प्रथमच ती राहायला येणार होती, आणि बापाला त्याचं नाचणं दाखवायचं हे मायलेकींनी ठरवलं होतं.

"जपून ठेवलंय," मी म्हटलं आणि फोन ठेवला. पण ते नाचणं ज्या मशिनमध्ये होतं ते दहा दिवसांपासून नीट चालत नव्हतं, आणि त्या लग्नाची दुसरी प्रत माझ्याकडे नव्हती.

हे कसं झालं ते सांगते. स्टुडिओच्या मागच्या खोलीत, लोखंडी मांडणीवर एक काळी पेटी आहे. तिच्यात चार खण, प्रत्येक खणात एक एसएसडी, म्हणजे साठवणीची चपटी डिस्क. चारही मिळून एकच मोठी साठवण होते, तिला पूल म्हणतात. सगळी लग्नं त्या पुलात जातात. चारांपैकी एक एसएसडी मेली तरी उरलेल्या तिघी मिळून तिची उणीव भरून काढतात. दोन मेल्या तर काहीच उरत नाही, अर्धंही नाही. हे वाक्य मी पेटी घेतली तेव्हा स्टुडिओच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं, लाल शाईने.

पुलाशिवाय प्रत्येक लग्नाची एक प्रत बाहेरच्या वेगळ्या डिस्कवर घ्यायची असा माझा नियम आहे. माघात चार दिवसांत तीन लग्नं आली. बाहेरची डिस्क भरली. सोनगीरच्या ओळीसमोर मी लिहिलं, "दुसरी प्रत – बाकी". कॅमेऱ्याची कार्डं दुसऱ्या दिवशी पिंपळनेरच्या लग्नासाठी पुसली. ती "बाकी" तशीच राहिली. पुढे सीझन सुरू झाला आणि वहीचं पान उलटलं गेलं, ते सोनगीरचा फोन येईपर्यंत.

पूल मंद झाला तेव्हा आधी एडिटिंग करताना चित्र अडकायला लागलं. मग कॉपी. सुरुवातीला झपाट्याने जायची आणि दोन मिनिटांत अशी बसायची की वाटायचं मशीन विचार करतंय. पूर्वी चहा होईपर्यंत जे काम व्हायचं त्याला आता जेवण आटपायचं.

"ऊन आहे," नवरा म्हणाला. आमच्याकडे उन्हाळ्यात काहीही बिघडलं की उन्हावर जातं.

"ऊन गेल्या वर्षीही होतं."

"मग वहीला विचार."

मी वहीलाच विचारलं. कारणांची यादी केली आणि वरून खाली एकेक तपासत गेले. वायर बदलली, फरक नाही. पेटी सरळ संगणकाला जोडून पाहिली, फरक नाही. पूल फार भरला की मंद होतो, आणि आमचा काठोकाठ भरला होता, म्हणून पोचती झालेली जुनी लग्नं बाहेरच्या नव्या डिस्कवर हलवली. त्यात अडीच दिवस गेले आणि थोडासा फरक पडल्यासारखा वाटला. दुसऱ्या दिवशी तोही गेला. पेटीचं तापमान पाहिलं. जास्त होतं, पण घाबरण्यासारखं नव्हतं. तरी दाराशी कूलर आणून लावला. सासूबाई म्हणाल्या, "माणसं घामाघूम, आन् डबडाले कूलर."

सोनगीरचा फोन आला तेव्हा यादीतली शेवटची दोनच कारणं उरली होती: एखादी एसएसडी खराब, नाहीतर पेटीच. फोन झाल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे सोनगीरच्या वरातीची फाईल बाहेर काढायला घेतली. पट्टी सरकली, सरकली, आणि तिसाव्या टक्क्याच्या पुढे थांबली. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मी खुर्चीवरून उठले नाही. मग पडद्यावर चौकट आली की फाईल वाचता येत नाही.

मी कॉपी रद्द केली आणि जळगावला फोन लावला. तिथे आमचे एक ओळखीचे संगणकवाले भाऊ आहेत. पेटी त्यांनीच बसवून दिली होती. बोलताना घाई करत नाहीत, म्हणून मला ते बरे वाटतात, आणि त्या दिवशी तेवढ्याच कारणाने असह्य झाले.

"ताई, पूर्ण पुलाचा वेग बघू नका," ते म्हणाले. "एकेक डिस्क किती थांबवतेय ते बघा. चार बैल एका गाडीला जुंपले आणि एक लंगडा असला तर गाडी कोणाच्या चालीने चालेल?"

त्यांनी सांगितलं तसं मी टाइप केलं. पडद्यावर चार ओळी आल्या. तीन एसएसडी मागितलेलं डोळ्याची पापणी लवायच्या आत देत होत्या. चौथी दोन-दोन, तीन-तीन सेकंद घेत होती. बाकीच्या तिघी तिच्यासाठी थांबून होत्या. मग त्यांनी तिचा प्रकृतीचा अहवाल काढायला लावला. त्यातल्या वाचनाच्या चुकांचा आकडा मी मोठ्याने वाचला, आणि भाऊ पहिल्यांदाच पटकन बोलले.

"ती जातेय, ताई. मेली असती तर मशिनने तिला केव्हाच बाजूला काढलं असतं. ही मरतपण नाही आणि काम पण करत नाही. आता तिच्याकडून काही वाचू नका."

"सोनगीरचं लग्न?"

"तिघींत आहे. तिघी धड आहेत तोवर आहे."

ते म्हणाले, नवी एसएसडी आत्ताच्या एसटीने पाठवतो, कंडक्टरजवळ. ती आली की खराब काढा, नवी लावा. मी खराब एसएसडीचा सिरीयल नंबर पडद्यावरून उतरवून घेतला आणि वहीत शोधला. वहीत तक्ता आहे: खण एक, दोन, तीन, चार, आणि समोर त्या-त्या एसएसडीचा नंबर. तो नंबर तिसऱ्या खणासमोर होता. मी त्याच्याभोवती गोल केला.

गाडी यायला साडेतीन तास लागले. दुपारी शटर अर्ध्यावर ओढलेलं होतं, रस्ता सुनसान होता. मी खोलीत बसून पेटीचा आवाज ऐकत होते. पेटीचा पंखा एकसुरात घुमत होता. सुरात काही बदल झाला की मी उठून दिवे बघायचे. चारही हिरवे. ते हिरवे असणं मला खोटं वाटायला लागलं होतं.

अडीच वाजता नवरा स्टँडवरून पार्सल घेऊन आला. गाडी पारोळ्याला पंक्चर झाली होती म्हणाला. मी हात पुसले आणि पेटीसमोर बसले. आमची पेटी चालू असतानाच खण काढता येतो. बंद करून काढणं जास्त सुरक्षित वाटतं, पण भाऊंनी बजावलं होतं की आजारी डिस्क असलेली पेटी बंद केली तर पुन्हा उठेलच असं नाही. मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे खराब डिस्क पुलातून अधिकृतपणे बाजूला केली. आता तिघींवर सगळं होतं. तिघींतली एक जरी हलली तर पहिल्या पानावरचं लाल वाक्य.

तिसऱ्या खणाच्या खटक्यावर मी अंगठा ठेवला. दाबणार, तेवढ्यात खणाच्या आणि चौकटीच्या फटीत काहीतरी दिसलं. मला वाटलं गंज. नखाने काढलं. झेंडूची पाकळी होती, वाळून तपकिरी झालेली.

मी अंगठा काढून घेतला. लगेच काही कळलं नव्हतं. एवढंच वाटलं की झेंडू आत जायला खण उघडायला हवा, आणि खण मी दोन वर्षांत उघडलेला नाही. मग ते खरं नाही हेही आठवलं. वहीची पानं मागे उलटली. खंडेनवमीच्या दिवसाची यादी माझ्याच अक्षरात होती. कॅमेरे पुसणे. लेन्स पुसणे. ड्रोन. डिस्क बाहेर काढून पुसणे, पूजा, परत लावणे. प्रत्येकासमोर बरोबरची खूण.

आमच्याकडे खंडेनवमीला पोट भरणारी प्रत्येक वस्तू पाटावर येते. माझ्या सासऱ्यांच्या वेळी कॅमेरा आणि फ्लॅश असायचा. आता एसएसडीपण येतात. पेटी बंद करून, चारही काढून, पाटावर ओळीने मांडून, हळद-कुंकू लावून, आरती झाली की परत. पुलाला कोणती डिस्क कोणत्या खणात आहे याने काही फरक पडत नाही; तो चारही जणींना नंबराने ओळखतो आणि मुकाट चालू होतो. फरक पडतो तो फक्त माझ्या वहीला. तक्ता त्या खंडेनवमीच्या आदल्या वर्षीचा होता.

सासूबाई बाहेर पाणी शिंपडत होत्या. मी त्यांना हाक मारली. "नवमीला या पाटावर कशा मांडल्या होत्या, आठवतं?"

"बठ्ठं तूच करस, आन् माले इचारस."

"आठवा ना, आई."

माझा आवाज ऐकून त्या दारात आल्या. हातातला तांब्या खाली ठेवला. "तू पाटाच्या या अंगाला होतीस. डावीकडून एकेक ठेवली. मी कुंकू लावलं. मग आरतीला तू त्या अंगाला गेलीस, पंख्याखाली. तिकडूनच उचलल्यास."

"डावीकडून?"

"तू नेहमी डावीकडूनच उचलतेस."

मी समोर बसून मांडल्या आणि पलीकडे बसून उचलल्या. म्हणजे पहिली चौथ्यात, चौथी पहिल्यात. वहीतली तिसरी दुसऱ्या खणात, आणि ज्या खणावर माझा अंगठा होता त्यात एक चांगली. हे सगळं सासूबाईंच्या आठवणीवर. त्यांना सकाळची गोळी घेतली की नाही ते आठवत नाही.

नंबर डिस्कवर छापलेला असतो, पण तो खण ओढल्याशिवाय दिसत नाही. ओढायचाच तर कुठला? मी पुन्हा जळगावला फोन लावला. हकीकत ऐकून भाऊंनी आधी एकच विचारलं.

"ओढला नाही ना?"

"नाही. ओढला असता तर?"

"लगेच परत लावला असता तर वाचलं असतं. बहुतेक."

ते बहुतेक मी आजही विसरलेले नाही.

मग त्यांनी तोड सांगितली. खराब डिस्कला हात लावायचा नाही. चांगल्या तिघींना सारखं काहीतरी वाचायला लावायचं, म्हणजे त्यांचे दिवे लुकलुकत राहतील. जिचा दिवा स्थिर राहील ती आपली. मी म्हटलं, वाचायचंच आहे तर सोनगीर वाचू दे. वरातीची फाईल पुन्हा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायला लावली आणि पेटीसमोर जमिनीवर बसले. नवरा माझ्या मागे उभा राहिला. सासूबाई दारातच होत्या.

पहिला लुकलुकला. तिसरा लुकलुकला. चौथा. दुसरा स्थिर, हिरवा, शांत.

"दोन," नवरा म्हणाला.

"थांब." मी कॉपी संपेपर्यंत खटक्याला हात लावला नाही. पट्टी तिसाव्या टक्क्याला आली तेव्हा मी दुसरीकडे पाहिलं. भिंतीवर कालनिर्णय होतं, आखाजीच्या चौकोनावर मीच केलेली खूण होती. परत पाहिलं तेव्हा पट्टी साठाच्या पुढे होती. लंगडा बैल सोडल्यावर गाडी धावत होती. दोन-अडीच मिनिटांत फाईल पूर्ण आली. ती दुसऱ्या संगणकावर नेली, तिथून पेन ड्राइव्हवर, नवऱ्याच्या फोनवरही घेतली. मग सोनगीरचं उरलेलं सगळं. त्यात संध्याकाळ झाली.

मग दुसरा खण ओढला. ओढताना डोळे मिटले होते, हे नवऱ्याने नंतर चिडवताना सांगितलं. बाकीचे तीन दिवे हिरवेच राहिले. हातातल्या एसएसडीवर कुंकवाचा वाळलेला ठिपका नेमका नंबरावर होता. तो ओल्या कपड्याने पुसला आणि वहीतल्या गोलातल्या नंबराशी एकेक अंक लावून पाहिला. तीच होती. नवी लावली. तिघींकडून तिच्यात माहितीचा भरणा सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पूर्ण झाला, तोवर मी घराबाहेर पडले नाही.

त्या आठवड्यात पट्ट्या कापून प्रत्येक खणाच्या तोंडावर नंबर चिकटवले. सासूबाईंनी विचारलं, यंदा नवमीला यांची पूजा करायची की नाही. मी म्हटलं, करायची, पण पेटीला बाहेरून. त्यांना ते पटलं नाही. पेटी म्हणजे डबा, त्या म्हणाल्या, पोट आतल्या भरतात. यावर अजून तोडगा निघालेला नाही.

आखाजीला पेन ड्राइव्ह घेऊन मी स्वतः सोनगीरला गेले. नवरा म्हणाला कुरियर कर, पण मला ते चालताना डोळ्यांनी बघायचं होतं. त्या फाईलमध्ये मधेच कुठे एखादी जागा खराब झाली असेल ही भीती गेलेली नव्हती. घरी पूर्ण लावून पाहण्याचं मी टाळलं होतं. खराब निघाली असती तर मी काहीच करू शकले नसते, आणि सोनगीरला फोन करून ते सांगायला लागलं असतं.

मुलीचे वडील समोरच्या खोलीत कॉटवर उशांना टेकून बसले होते. खांद्यावर शाल, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. डोक्याला टोपी नव्हती. मुलगी त्यांच्या पायाशी बसली. बाईंनी मला खुर्ची दिली, मांडे पुढे केले. मला घास घ्यायचा धीर नव्हता.

व्हिडिओ सुरू झाला. बँड, धूळ, आणि मधोमध ते. चौथ्या मिनिटाला चित्र थांबलं. हात वर, एक पाय उचललेला, तसेच ते पडद्यावर थांबले. खोलीत कोणी हललं नाही. मी खुर्चीची कड धरली. मनात फाईलचा आकार, कॉपीची वेळ, नवऱ्याच्या फोनमधली प्रत, असं सगळं एकदम येऊन गेलं.

"आमना टीव्ही असाच शे," बाई म्हणाल्या आणि टीव्हीला बाजूने एक थाप मारली. पाय खाली आला. नाच पुढे सुरू झाला.

ते काही हसले नाहीत, रडलेही नाहीत. नीट बघत होते, दुकानात भांडं वाजवून बघावं तसे. शेवटाकडे नाचता नाचता त्यांची टोपी पडली आणि गर्दीच्या पायांत गेली. तेव्हा त्यांनी डावा हात उचलला आणि तोंडातून एक आवाज काढला. मला त्यातलं काही कळलं नाही. मुलीलाही नाही. तिने आईकडे पाहिलं.

"टोपी कोनी उचली, इचारी ऱ्हायनात," बाई म्हणाल्या.

"मी उचली व्हती, आबा," मुलगी म्हणाली. "बठ्ठा लोक तुडवी ऱ्हायनात, मी शालू सावरत वाकनू."

त्यांनी पुन्हा तोच आवाज काढला. बाई उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि फडताळ उघडल्याचा आवाज आला. पांढरी टोपी आणून त्यांनी आबांच्या डोक्यावर ठेवली, जरा पुढे ओढून सारखी केली. मग मला म्हणाल्या, "ताई, आते पहिलापासून लावा."

मी पहिल्यापासून लावलं. चौथ्या मिनिटाला मी श्वास धरला होता, पण या वेळी ते थांबले नाहीत.